दिग्रसची खूण

८ नोव्हेंबर २००५, मंगळवार, यवतमाळ

दिवाळीच्या सुट्टीत कोणीतरी माझ्या टेबलाचा खण उघडला होता. गेलं काहीच नाही, पण स्टेपलर मी उजवीकडे ठेवतो, तो डावीकडे सापडला. म्हणून ही वही आजपासून घरी, पेटीत; बाहेरगावी गेलो तर पिशवीत. पेटीची किल्ली करदोड्याला.

ओम राठोड संशयी आहे असं ऑफिसात म्हणतात. आहेच. आमच्या खरेदी संघात तीन वर्षं काढून जो संशयी झाला नाही, तो एकतर आंधळा किंवा वाटेकरी. मागच्या हंगामापर्यंत प्रत्येक केंद्रावर गाड्यांच्या नंबरांचं रजिस्टर असायचं. शेतकरी कापूस घेऊन आला की त्याला नंबर द्यायचा आणि नंबराप्रमाणे गाडी काट्यावर घ्यायची. चार-चार दिवस माणसं गाडीखाली झोपायची. इकडे रजिस्टरचं पान फाटायचं, त्यावर चहा सांडायचा आणि सत्तावीस नंबरवाला सकाळी सातवा होऊन काट्यावर उभा. म्हणून यंदापासून यादी यवतमाळच्या मोठ्या मशीनवर. दिग्रस, पांढरकवडा, मुकुटबन, तिन्ही केंद्रांनी फोनलाईनवरून तिच्यात शिरायचं आणि नंबर तिथंच टाकायचे.

शिरायला आधी पासवर्ड दिले होते. परवा पांढरकवड्याला गेलो तर पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकादशीच्या चौकोनात, लाल पेनानं लिहिलेला. ऑपरेटरला विचारलं तर म्हणतो, "सर, इसरलो म्हंजे?"

तेव्हा मी ठरवलं, माणसाला विचारायचंच नाही. मशीनलाच विचारायचं. प्रत्येक केंद्राच्या मशीनच्या पोटात तिची स्वतःची एक गुप्त खूण असते. त्या तीन खुणा मी यवतमाळच्या मशीनवर नोंदवून ठेवणार. दिग्रसचं मशीन येईल, खूण पटवेल आणि सांगेल, "माझ्यापुढे ऑपरेटर साधना बसली आहे." खूण पटली की यवतमाळ तिच्या शब्दावर विश्वास ठेवून आत घेईल. पासवर्ड नाही, कॅलेंडर नाही. ज्याची खूण नोंदलेली नाही ते मशीन बाहेर.

मॅनेजर साहेबांना सांगितलं, माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही. ते म्हणाले, "वा, राठोड!" आणि जानेवारीत मला कायम करण्याचा विषय स्वतःहून काढला. स्वतःहून का काढला, यावर विचार करायला हवा.

१० नोव्हेंबर, गुरुवार, दिग्रस

दिग्रसचं मशीन लागलं. फोनलाईनवर दर वेळी पत्ता बदलतो, त्यामुळे मशीन स्वतःचं जे नाव सांगेल ते धरायचं आणि खूण तपासायची, अशी व्यवस्था केली. चालू केलं की ते सरळ साधनाच्या नावानं उघडतं. तिथं दुसरं कोणी बसत नाही, मग उगाच नाव विचारत कशाला बसायचं?

साधना इथली ऑपरेटर. तेवीस-चोवीस वर्षांची, सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर. वडील नाहीत, आई इंदूबाई आणि ही, दोघीच. तिच्या कंत्राटाचाही निर्णय जानेवारीत आहे. बोटं भराभर चालतात. मी एकदा सांगितलं ते तिला कळलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. इतकं लवकर कळणारी माणसं मला जरा खटकतात.

१७ नोव्हेंबर, गुरुवार, मुकुटबन

इथं वीज दुपारी दोन ते पाच. तेवढीच. उरलेला दिवस भारनियमन. नवं मशीन पहिल्यापासून बसवायचं म्हणजे चार तास, आणि माझ्या हातात तीन. डोकं चालवलं. दिग्रसच्या डिस्कची नक्कल सोबत आणली होती, तीच आख्खी यात उतरवली. पाचला दहा कमी असताना काम फत्ते. नाव बदलायला बसलो तर विजेची लाईन गेली. म्हणून तात्पुरता कागद चिकटवला: ‘मुकुटबन’, ठळक अक्षरात, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून. बाकी उद्या.

इथलं काम लखीराम चव्हाण पाहतो. पंचावन्नचा असेल, आमच्याच समाजातला, माझ्या वडिलांच्या लांबच्या नात्यातला. वहीत एकेक पायरी लिहून घेतली: ‘लाल बटन दाबने. थांबने. चहा पिऊन येने.’ भोळा माणूस आहे.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

दोनला लाईन आली, बटण दाबलं आणि मुकुटबन पहिल्याच झटक्यात यवतमाळला जोडलं गेलं! यवतमाळच्या मशीनवर याची खूण नोंदवायचीसुद्धा गरज पडली नाही. खूण उतरवून घ्यायला आणलेला कागद खिशात कोराच राहिला. काम नीट केलं की असं होतं. साडेतीनची गाडी धरून निघालो.

२९ नोव्हेंबर, मंगळवार, यवतमाळ

वाटलंच होतं. मुकुटबनच्या ट्रॅक्टरवाल्यांची लेखी तक्रार आली. बैलगाड्यांचे नंबर रोज वर सरकतात आणि ट्रॅक्टर मागे पडतात. तेरा सह्या आहेत.

मी यवतमाळच्या मशीनवरच्या नोंदी काढल्या. नंबर कोणी बदलले? साधनानं. कुठून? दिग्रसच्या मशीनवरून. खूण पटलेली.

दिग्रसच्या बाईचं मुकुटबनच्या यादीत काय काम? यादी तिला उघडता येते, कारण अडीअडचणीला एका केंद्रानं दुसऱ्याला मदत करावी म्हणून मीच ती सोय ठेवली होती. दुपारी ऑफिसातल्या एकानं सहज सांगितलं की इंदूबाईचं माहेर मुकुटबनच्या अलीकडे चार कोसांवर आहे. म्हणजे साधनाचं आजोळ. आणि आजोळची माणसं कापूस कशात आणत असतील? बैलगाडीत.

पाणी कुठं मुरतंय ते कळलं. साधनाला अजून काही विचारायचं नाही. विचारलं की चोर सावध होतो.

२ डिसेंबर, शुक्रवार

अजून एक भानगड. गेल्या पंधरा दिवसांत लखीरामनं एकदाही लॉगिन केलेलं नाही. त्याच्या नावावर एक ओळ नाही. मुकुटबनची सगळी यादी, रोजच्या रोज, साधनाच भरते आहे!

लखीरामला फोन लावला. "काम करता का हो?"

"करून राह्यलो ना, सायेब. रोज करून राह्यलो. लई झ्याक मशीन हाये."

चक्क खोटं. पण माणूस आळशी आहे, लबाड नाही. त्याच्या आळसाचा फायदा साधनानं घेतला असणार: काका, तुम्ही राहू द्या, मी करते. गोड बोलून यादी हातात घ्यायची. हुशार पोरगी आहे. मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं आहे.

५ डिसेंबर, सोमवार, दिग्रस

नोंदींच्या वेळा तपासल्या. मुकुटबनच्या यादीतले सगळे बदल दुपारी दोन ते पाच या वेळात. आणि दिग्रसला दीड ते साडेपाच लाईनच नसते. मग मशीन चालतं कशावर? यूपीएस वीस मिनिटं दम धरतो. तीन तास कुठून आले?

न कळवता गेलो. साधना बाहेर पायरीवर बसून गाड्यांचे नंबर कागदावर उतरवत होती. लाईन आली की मशीनवर चढवते म्हणाली. मी आत जाऊन मशीनच्या स्वतःच्या नोंदी पाहिल्या. दुपारच्या कामाचा तिथं मागमूस नाही. पुसून टाकल्या. पुसायचं कसं हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. मग कोणी शिकवलं?

भिंतीपलीकडे कापसातली सरकी काढायचं जिनिंग आहे आणि जिनिंगला जनरेटर. वायर तिथूनच येत असणार. मी भिंत हातानं चाचपून पाहिली, मोरीत वाकून पाहिलं, कौलावर चढून पाहिलं. वायर नाही. म्हणजे काम झालं की गुंडाळून ठेवतात. जिनिंगच्या चौकीदाराला म्हटलं, खरं सांग, बाईकडून काय मिळतं तुला? त्यानं काठी आपटली.

"सायेब, माही पोरगी हाये तिच्याएवढी. तोंड सांभाळून बोला."

साधना पायरीवरून बघत होती. "सर, काय शोधून राह्यले तुमी? मले सांगा, मी देतो ना काढून," म्हणाली. मी काही नाही म्हटलं. गुडघा खरचटला आहे.

११ डिसेंबर, रविवार, तांडा

घरी गेलो. बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळे खेमसिंग नायक म्हणतात. तांड्यातली भांडणं अजून त्यांच्याच ओट्यावर सुटतात. जेवताना मी ही हकीकत सांगितली, नाव न घेता. मशीनची खूण, नोंदी, वेळा, वायर, सगळं. वाटलं, शाबासकी देतील.

बा भाकरी मोडत म्हणाले, "त्या पोरीनं काय सांगतलं?"

"तिला विचारलं नाही."

"काहून?"

"बा, पुरावा आहे. मशीन सांगते."

"आपल्या नसाबात ज्याच्यावर आळ हाये त्याले पयले बोलू देते. मंग बाकीचे. मानूस मेल्यावानी गप बसला तरी त्याच्या तोंडाकडे पाह्यते सारे. तू तोंड पाह्यलं का तिचं?"

मी म्हटलं, नसाब म्हणजे तांड्याची पंचायत, ती वेगळी, कॉम्प्युटर वेगळा. ते म्हणाले, "हाव, असंन," आणि वरण मागितलं. शिकलेल्या माणसाला घरी किंमत नसते हेच खरं.

१३ डिसेंबर, मंगळवार, दिग्रस

शनिवारीच मॅनेजर साहेबांना अहवाल दिला होता. सात पानी. ते म्हणाले, पोरीला कामावरून थांबवा, वीस तारखेला संचालकांपुढे चौकशी, तिथं सिद्ध झालं की पोलिसात तक्रार. खोलीची चावी ताब्यात घ्यायला मलाच पाठवलं.

दिग्रसच्या यार्डात साठ-सत्तर गाड्या होत्या. मी साधनाला बाहेर बोलावलं आणि चावी मागितली. जरा मोठ्यानं मागितली असेन, कारण आजूबाजूच्या गाड्यांवरची माणसं उठून बसली. म्हटलं, मुकुटबनच्या यादीत केलेले धंदे उघडकीला आले आहेत.

"कोनती यादी? सर, मी मुकुटबनची यादी उघडलीबी नाही कधी. मले सांगा तरी, केलं काय मी?"

"ते तुम्हाला ठाऊक आहे."

तिनं चावी दिली. मग ती ओढणी डोक्यावर घेऊन यार्डातून चालत गेली आणि गाड्यांवरची माणसं तिला वाट देत होती, पण कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. एक म्हातारा तेवढा मला म्हणाला, "ह्याच बाईनं मले बसाले जागा देल्ली होती, बापा." जागा देणं हा काही पुरावा होत नाही.

खोलीला कुलूप घातलं. वर माझं स्वतःचं दुसरं कुलूप.

१५ डिसेंबर, गुरुवार, यवतमाळ

काल दुपारी अडीच वाजता मुकुटबनच्या यादीत पुन्हा बदल. साधना. दिग्रसच्या मशीनवरून. खूण पटलेली.

दोन कुलपं! म्हणजे दुसरी चावी आहे, आणि माझं कुलूपही तिनं उघडलं. की छपरातून उतरते? उद्या रंगेहाथ पकडणार. कोणालाही सांगितलेलं नाही, मॅनेजर साहेबांनाही नाही.

१६ डिसेंबर, शुक्रवार, दिग्रस

साडेबाराला पोचलो. दोन्ही कुलपं शाबूत. आत गेलो, दार आतून लावून घेतलं, मशीनशेजारी पोत्यांवर बसलो. फोनची वायरही उपसून खिशात घातली. दीडला लाईन गेली. दोन, तीन, चार, पाच. कोणी आलं नाही. एक पाल आली होती. डबा न्यायचा विसरलो होतो. मशीन माझ्यापुढे बंद पडलेलं, मी हात ठेवून पाहिला, थंड.

पाच वाजता बाहेर आलो. चाहूल लागली असणार तिला.

१७ डिसेंबर, शनिवार, यवतमाळ

सकाळी नोंदी पाहिल्या. काल दुपारी दोन वाजून नऊ मिनिटांनी दिग्रसचं मशीन यवतमाळला जोडलं गेलं. चार वाजून पन्नास मिनिटांनी बाहेर पडलं. साधना. खूण पटलेली. अकरा बैलगाड्या वर.

मी त्या मशीनवर हात ठेवून बसलो होतो.

तीनदा वाचलं. यवतमाळच्या मशीनचं घड्याळ तपासलं, माझ्या मनगटावरचं तपासलं. मग तारीख तपासली. मग पेटीतून ही वही काढून नोव्हेंबरची पानं उलटली. कारण दिग्रसचं मशीन बंद असताना दिग्रसची खूण दाखवणारं जगात दुसरं एकच मशीन असू शकतं, आणि ते कोणी बनवलं, कधी बनवलं, वीज जायच्या किती मिनिटं आधी बनवलं, हे याच वहीत माझ्याच अक्षरात आहे. डिस्क आख्खी उतरवली म्हणजे खूणही उतरली. नावही उतरलं. साधनासुद्धा उतरली.

माझी चूक आहे असं अजून शंभर टक्के म्हणता येत नाही. मुकुटबनला जाऊन पाहतो.

१८ डिसेंबर, रविवार, मुकुटबन

खरेदीच्या हंगामात इथं रविवारीही काटा चालू असतो. दोनला लाईन आली. लखीरामनं डोक्यावरचं पागोटं सारखं केलं, वही उघडली आणि लाल बटण दाबलं. तो चहा पिऊन येईपर्यंत मशीन उघडलं. समोर काचेवर वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं: sadhana@digras. खाली माझा चिकटवलेला कागद: मुकुटबन.

मी विचारलं, "लखीराम, हे वर काय लिहिलंय?"

"ते नाव हाये ना, सायेब. इंग्रजी मले येत नाही, पोरानं वाचून देल्लं. साधना."

"कोणाचं नाव?"

"मशीनीचं! आता पांढरकवड्याच्या रोडनं ट्रक पाहा तुमी, एकावर चंदा, एकावर संगीता. तसं हिचं साधना. मी तं रोज उदबत्ती लावतो."

मशीनच्या डोक्यावर खरंच राख होती.

मग मी बैलगाड्यांचं विचारलं. त्याला लपवायचं काही नव्हतंच. मला वाटलं होतं पैसे, नातं, दबाव, काहीतरी निघेल.

"सायेब, ट्रॅक्टर चार दिवस उभा राह्यला तं त्याले तहान लागते का? बैलाले लागते. कोलाम आदिवासी लोकाईचे बैल, वीस कोस चालून येते. इथं चारा नाही, पानी नाही. आपल्या बापजाद्यानं बैल उपाशी उभा ठेवला नाही कधी. म्हून मी बैल पयले घेतो. रजिस्टर होतं तवाबी घेत होतो. कोनाले पुसलं नाही, अन् मले कोनी पुसलंबी नाही."

"तक्रार आली होती. तेरा सह्या."

"मंग मले फोन करून इचाराचं ना."

मी फोन केला होता. काम करता का, एवढंच विचारलं होतं.

बसमध्ये रडू आलं. खिडकीकडे तोंड करून बसलो. शेजारच्या बाईनं कांदा हुंगायला दिला, उलटी होत असेल असं वाटलं तिला. एक गोष्ट इथं लिहून ठेवतो, कारण ती दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत होईल असं वाटत नाही. नोंदीत नाव नाही म्हणून लखीरामला मी आळशी ठरवलं, आणि नोंदीत नाव आहे म्हणून साधनाला चोर. पण लखीराम आमच्यातला नसता, तर मी त्याला नुसतं आळशी म्हणून सोडलं असतं का? आणि साधना आमच्यातली असती तर? तिच्या आजोळपर्यंत पोचायला मला एक दुपार पुरली. लखीरामच्या तर घरी मी जेवून आलो होतो.

१९ डिसेंबर, सोमवार, यवतमाळ

मॅनेजर साहेबांना सांगितलं. ते बराच वेळ पेन उघडझाप करत राहिले.

"म्हणजे तुझी चूक."

"हो."

"कोणाला माहीत आहे?"

"मला. आता तुम्हाला."

"मग असं कर, राठोड. मुकुटबनचं मशीन गुपचूप नीट करून टाक. पोलिसात जायचं नाही आपण. पोरीचं कंत्राट जानेवारीत संपतंय, ते संपू दे. तिचंही नाव खराब नाही, तुझंही नाही. नाहीतर उद्या ट्रॅक्टरवाले म्हणतील, संघाची आख्खी यादीच खोटी. तुझी कायमची ऑर्डर माझ्या टेबलावर आहे, सहीला."

ऑर्डर खरंच होती. मी पाहिली. नाव बरोबर लिहिलेलं होतं.

तिचं नाव खराब नाही म्हणे. सत्तर गाड्यांसमोर मी चावी मागितली होती.

उद्या काय करायचं ते ठरत नाही. बाला फोन करावासा वाटला, पण ते काय म्हणतील ते माहीत आहे.

२० डिसेंबर, मंगळवार

सात संचालक, मॅनेजर साहेब, साधना आणि इंदूबाई. इंदूबाई पांढरं लुगडं नेसून मागच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीत साधनाची सगळी सर्टिफिकेटं होती, सातवीपासूनची. कोणी मागितली नव्हती.

मला अहवाल वाचायला सांगितलं. सात पानं हातात होती. मी म्हटलं, वाचण्याआधी जिच्यावर आळ आहे तिला बोलू द्या. मॅनेजर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

साधना उभी राहिली. "मी काय बोलू? मले आजवर कोनी सांगतलंच नाही काय झालं ते. सर आले, भिंत पाह्यली, मोरी पाह्यली, कौलावर चढले. मशीनले इचारलं, चौकीदाराले इचारलं. मी समोर पायरीवर बसून होतो. मले एक शब्द इचारला नाही. दुपारी आमच्याकडे लाईन नसते, हे मी पयल्याच दिवशी सांगतलं असतं."

ती बसली. मी ती सात पानं बाजूला ठेवली आणि सांगितलं. डिस्क, वीज, खूण, कागद, सगळं. एक संचालक म्हणाले, सोप्या भाषेत सांगा. म्हटलं, सोपं म्हणजे असं, की दिग्रसचा शिक्का मीच दोन ठिकाणी ठेवला, एकीकडचा वापर झाला आणि दुसरीकडच्या माणसाला मी चोर म्हटलं. चूक माझी, साधनाची शून्य, लखीरामनं जे केलं ते उघड केलं.

खूप आरडाओरडा झाला. ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या आता दोन वेगळ्या रांगा करायच्या ठरल्या; हे पहिल्याच दिवशी सुचायला हरकत नव्हती. साधना पुन्हा कामावर. माझी ऑर्डर ‘पुढील विचारार्थ’.

मी साधनाची माफी मागायला गेलो. ती म्हणाली, "इथं सात जनाईत नको, सर. चावी यार्डात मागतली होती, माफी यार्डात मागा."

इंदूबाई सर्टिफिकेटं एकेक करून पिशवीत परत घालत होत्या.

२२ डिसेंबर, गुरुवार, दिग्रस

मागितली. काट्याच्या ओट्यावर उभं राहून, मोठ्यानं. काही जण हसले. चौकीदाराचीही मागितली. तो म्हणाला, "ठीक हाये, पन कौल फुटले दोन, ते बशवून द्या." बसवून दिले.

२ जानेवारी २००६, सोमवार, दिग्रस

मशीनच्या शब्दावर आत घेणं आता बंद. आज दिग्रसला नवी खूण आणि साधनाला तिचा स्वतःचा पासवर्ड द्यायला गेलो. मुकुटबनचं शनिवारी झालं. चार तास लागतात म्हणून दोन दुपारी बसलो.

खोलीच्या दारात टेबल आडवं लावलेलं, त्यावर नवं रजिस्टर. मशीनला हात लावणाऱ्याचं नाव, वेळ, काम आणि शेवटचा रकाना: ओळख कोणी दिली. संचालकांनी तिन्ही केंद्रांना लागू केलं आहे. साधना टेबलामागे.

"ओळखपत्र, सर."

खिसे चाचपले. दुसऱ्या शर्टात राहिलं होतं. म्हटलं, "अहो, मी ओम राठोड."

"असं कोनीबी म्हनू शकते ना, सर."

मी म्हटलं, मग यवतमाळला फोन करून विचारा. तिनं केला. रिंग वाजत राहिली, रिसीव्हरमधून मला बाहेर ऐकू येत होती. चौथ्या रिंगला माझ्या लक्षात आलं की तो फोन माझ्याच टेबलावर वाजतो आहे, आणि उचलायला मी तिथं नाही. तिनं दोनदा लावला. दोनदा पूर्ण वाजू दिला.

मागे गाड्यांवरची माणसं बघत होती. ऊन चांगलंच लागत होतं. मी रागावलो नाही. रागावायला जागाच नव्हती. मी टेबलापलीकडे उभा राहिलो आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. महिन्याभरापूर्वी ते नव्हतं, की होतं, मला माहीत नाही.

लाईन जायला वीस मिनिटं उरली तेव्हा तिनं रजिस्टर स्वतःकडे ओढलं. माझं नाव लिहिलं, वेळ लिहिली, काम लिहिलं. शेवटच्या रकान्याशी पेन जरा थांबला. मग तिथं तिनं स्वतःचं नाव लिहिलं, सही केली आणि टेबल बाजूला सारलं.

"या सर, लवकर करा," म्हणाली. "लाईन जाईन."